काकूंच्या मागे, बर्कीच्या वाटेवर

मिनेसोटातली मराठी घरं नोव्हेंबर ते मार्च छपराखाली जगतात. गाडी गराजमधून निघते, ऑफिसच्या नाहीतर मॉलच्या पार्किंगमध्ये शिरते आणि अंधार पडल्यावर परत गराजमध्ये येते. मुलांचे क्लास, मेपल ग्रोव्हचं हिंदू मंदिर, कुणाच्या तरी बेसमेंटमधलं संक्रांतीचं हळदीकुंकू, शनिवारचं पॉटलक, सगळं आत. बाहेरचा बर्फ खिडकीतून बघायचा आणि ड्राइव्हवेवरून बाजूला लोटायचा, एवढाच त्याच्याशी संबंध. फेब्रुवारी उजाडेपर्यंत माणसं चिडचिडी होतात, एकमेकांना फोन करून फ्लोरिडाची तिकिटं किती झाली ते विचारतात. हे मी वर्षानुवर्षं जवळून बघितलं आहे, म्हणून ठामपणे सांगते की इथल्या हिवाळ्यावरचा उतारा इथल्याच बर्फात आहे.

स्कीइंग म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातलं स्वित्झर्लंड येतं. उंच डोंगर, वर नेणारे पाळणे आणि तिथून सुसाट खाली येणारी माणसं. ते डाउनहिल. मी म्हणते ते क्रॉस-कंट्री स्कीइंग. त्यात पाळणा नसतो. सपाटी असो, चढ असो की उतार, स्वतःच्या पायांनी जायचं. बूट फक्त चवड्याकडे स्कीला अडकवलेला असतो, टाच मोकळी. उत्तर युरोपात माणसं हजारो वर्षं हिवाळ्यात अशीच शिकारीला आणि शेजारच्या गावाला गेली. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेजियन, स्वीडिश आणि फिनिश शेतकरी मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये येऊन वसले, तेव्हा ही विद्या त्यांच्यासोबत आली. अमेरिकेची राष्ट्रीय स्की संघटना १९०५ मध्ये मिशिगनमधल्या इशपेमिंग या खाणींच्या गावात स्थापन झाली, तीही कार्ल टेलेफसेन या नॉर्वेहून आलेल्या माणसाच्या पुढाकाराने.

माझ्या घरात हे वेड मुलीने आणलं. तिने हायस्कूलच्या नॉर्डिक, म्हणजे क्रॉस-कंट्री स्कीच्या, संघात नाव घातलं आणि डिसेंबरच्या अंधारात मी तिच्या सरावाच्या मैदानाकडेला गाडीत हीटर लावून बसू लागले. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये मिनीॲपोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कात क्रॉस-कंट्रीचा वर्ल्ड कप झाला. २००१ नंतर पहिल्यांदाच तो अमेरिकेत आला होता. त्या गर्दीत आम्ही मायलेकी उभ्या होतो. जेसी डिगिन्स ही इथल्याच आफ्टन गावची मुलगी. २०१८ मध्ये प्याँगचांगच्या ऑलिम्पिकमध्ये तिने किकन रँडलच्या जोडीने सांघिक स्प्रिंट जिंकली आणि अमेरिकेला क्रॉस-कंट्रीतलं पहिलं सुवर्णपदक मिळालं. चालायला लागायच्या आधीपासून ती आईवडिलांच्या पाठीवरच्या झोळीत बसून याच भागातल्या जंगलांतून फिरत होती. गालांवर चमकी लावून ती समोरून गेली तेव्हा तिचा श्वास ऐकू आला, इतक्या जवळून. त्या दिवशी ठरवलं की कडेला उभं राहणं आता पुरे.

शिकवलं काकूंनी. इथल्या मराठी मंडळात सगळे त्यांना नुसतं काकू म्हणतात. मूळच्या साताऱ्याच्या, लग्न होऊन ऐंशीच्या दशकात इथे आल्या. पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या नॉर्वेजियन वंशाच्या आजीबाईंनी त्यांना स्वतःच्या जुन्या लाकडी स्की दिल्या आणि गावाबाहेरच्या गोठलेल्या तळ्यावर नेलं. तेव्हापासून काकूंचा हिवाळा बाहेरच जातो. आता साठी उलटून गेली, गुडघ्याचं एक ऑपरेशन झालं, तरी फेब्रुवारीतल्या बर्की या मोठ्या स्की शर्यतीच्या वीकएंडला त्या कोर्टेलोपेट ही छोटी शर्यत करतातच. मला त्यांनी मेपल ग्रोव्हमधल्या एल्म क्रीक पार्कात, दिव्यांखालच्या वळसेदार ट्रेलवर, संध्याकाळी कामावरून आल्यावर उभं राहायला शिकवलं. जानेवारीच्या मध्यावर एकदा म्हणाल्या, "शनिवारी मोकळी आहेस ना? पहाटे पाचला तयार राहा. खरी वाट दाखवते तुला. आणि हे बघ, सुती काही अंगात घालायचं नाही. आतलंसुद्धा नाही. घामाने सुती कापड भिजलं की ते वाळत नाही आणि मग तुला कुणी ऊब देऊ शकत नाही."

मिनीॲपोलिसहून उत्तरेला पस्तीस नंबरचा हायवे धरायचा, रॉक क्रीकजवळ उजवीकडे वळून सत्तर नंबरच्या रस्त्याला लागायचं. सेंट क्रॉय नदी ओलांडली की विस्कॉन्सिन. ग्रँट्सबर्ग, सायरन, स्पूनर अशी गावं झोपेतच मागे पडली. उजाडता उजाडता रस्त्याकडेच्या तळ्यांवर मासे धरणाऱ्यांच्या छोट्या खोपट्या दिसू लागल्या. बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेली माणसं त्यांत असतात, आणि दारात त्यांचा भलामोठा ट्रक पाण्यावर, म्हणजे गोठलेल्या पाण्यावर, उभा असतो. स्पूनरहून त्रेसष्ट नंबरचा रस्ता हेवर्डला जातो. हेवर्डला ज्यांना थांबायचं ते तिथला प्रचंड मस्की मासा बघायला थांबतात, त्याच्या जबड्यात चढून फोटो काढतात. काकू थांबल्या नाहीत. आणखी थोडं उत्तरेला सीली गाव, तिथून डबल-ओ नावाच्या काउंटी रस्त्यावर वळलो. बर्कीच्या वाटेच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या पार्किंगमध्ये गाडी लावली तेव्हा तापमान सात फॅरनहाइट होतं, सेल्सिअसमध्ये उणे चौदा. नाकातले केस श्वासागणिक गोठत होते आणि सुटत होते. आभाळ स्वच्छ, वारा अजिबात नाही. काकू हात चोळत म्हणाल्या, "अगं, याहून चांगला दिवस मिळायचा नाही."

गाडीचं मागचं दार उघडून त्यांनी आपली स्की उलटी आडवी ठेवली. त्यांच्या बॅगेत मेणाच्या छोट्या डब्या असतात, स्विक्स कंपनीच्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. रंग तापमानावरून ठरतो. बर्फ शून्याच्या आसपास असेल तर लाल, त्याखाली जांभळा, मग निळा, आणि कडक थंडीला हिरवा. काकूंनी बोटांच्या चिमटीत बर्फ घेऊन बघितला, मग हिरवी डबी काढली. डबीचं टोक सोलून क्रेयॉनसारखं स्कीच्या मधल्या भागावर घासलं आणि लगेच बुचाच्या ठोकळ्याने रगडून सपाट केलं. पुन्हा एक पातळ थर, पुन्हा रगडणं. हात थांबत नव्हता आणि तोंडही. "मधेच का, ते समजून घे. पुढंमागं घसरायचंच आहे, तिथे वेगळं, घसरणारं मेण. मधला भाग धरून ठेवायचा."

क्रॉस-कंट्रीची सगळी गंमत या मधल्या भागात आहे. स्की सरळ नसते, मध्ये वर उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून उभं राहिलं तर मधला भाग बर्फाला नीट टेकतच नाही, स्की पुढे घसरत राहते. एका पायावर सगळं वजन टाकून खाली रेटलं की ती वाकते, मधलं मेण बर्फाच्या कणांत रुततं आणि पायाला रेटा द्यायला आधार मिळतो. रेटा देऊन झाला की वजन दुसऱ्या पायावर, पहिली स्की पुन्हा मोकळी. माझ्या भाड्याच्या स्कीला मेण लावावं लागत नाही. तिच्या मधल्या भागात मोहेरची, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांची, अरुंद पट्टी चिकटवलेली आहे. काकूंनी मला हातमोजा काढून तिच्यावरून बोट फिरवायला सांगितलं. टोकाकडून शेपटीकडे मऊ, उलटं फिरवलं की मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा तसे केस बोटाला अडतात. ते अडणं माझ्या वजनाला तोलून धरणार होतं.

बर्कीची वाट रुंद आहे, दोन गाड्या शेजारी शेजारी जातील इतकी. रात्री यंत्र फिरवून ती दाबतात. मधला पट्टा स्केटिंगच्या पद्धतीने जाणाऱ्यांसाठी, बारीक सऱ्या ओढलेला. कडेला क्लासिक पद्धतीसाठी दोन समांतर खोल खाचा. स्की त्या खाचांत ठेवली की दिशेची काळजी मिटते. स्केटिंगची पद्धत तशी नवी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हरमाँटच्या बिल कॉकने ती शर्यतींत गाजवली. हाच कॉक १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवून आला होता, अमेरिकेचं या खेळातलं पहिलं पदक. काकू मात्र क्लासिकच्याच. त्या खाचेत उतरल्या, दोनदा हात झटकले आणि गेल्या. मी मागून.

त्यांना मागून बघणं हा एक धडा आहे. वरचं शरीर किंचित पुढे झुकलेलं, घोट्यातून. उजवा हात पुढे येतो तेव्हा डावा पाय पुढे. एका पायाने रेटा, मग दुसऱ्या पायावर सगळं अंग तोलून नुसतं जाणं. त्या जाण्यात काही क्षण दुसरा पाय हवेत मागे लटकलेला असतो आणि माणूस एका अरुंद पट्टीवर, एकाच पायावर, पुढे सरकत असतो. नवशिक्याला नेमकं तेच जमत नाही. भीतीने वजन दोन्ही पायांवर विभागलं जातं आणि मग धड रेटा नाही, धड सरकणं नाही, नुसतं फरफटत चालणं. काकू थांबल्या, वळून बघत म्हणाल्या, "दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभी आहेस. एकावर ये. संपूर्ण ये. नाक, गुडघा आणि अंगठा एका रेषेत. काठ्या विसर." त्यांनी माझ्या दोन्ही काठ्या काढून घेतल्या आणि स्वतःच्या काखेत धरल्या. "आता चल."

काठ्यांशिवाय पहिली काही पावलं शरीर आक्रसून गेलं. मग कधीतरी डाव्या पायावर खरोखर सगळं वजन गेलं, आणि पट्टीतले केस बर्फात धरले गेल्याचं तळपायाला कळलं. रेटा बसला. उजव्या स्कीवर मी उभी होते आणि झाडं मागे सरकत होती. ते तीन-चार फूट असतील, फार नाही, पण चालण्याहून ते वेगळं होतं. पुढच्या पावलाला पुन्हा गेलं, त्याच्या पुढच्याला आलं. काकूंनी काही म्हटलं नाही, काठ्या परत दिल्या आणि पट्टे कसे घालायचे ते दाखवलं. हात खालून वर घालायचा आणि पट्टा व काठी दोन्ही मुठीत धरायचं, म्हणजे हात मागे गेल्यावर मूठ सैल सोडता येते.

या वाटेला नाव कशावरून पडलं ते मला ठाऊक होतं, पण काकूंकडून ते ऐकणं वेगळं. नॉर्वेत यादवी चालू होती. बिर्केबाइनर हा एक पक्ष, इतका गरीब की त्यांचे लोक पायांना बर्च झाडाची साल गुंडाळत, त्यावरूनच त्यांचं नाव. १२०६ च्या हिवाळ्यात राजाचा तान्हा वारस, हाकोन, शत्रूच्या हाती लागायची वेळ आली. तेव्हा दोन बिर्केबाइनर योद्ध्यांनी त्याला छातीशी धरून लिलेहामरहून डोंगर ओलांडत स्कीवरून सुरक्षित नेलं. तोच मुलगा १२१७ मध्ये नॉर्वेचा राजा झाला. नॉर्वेत त्या वाटेवर १९३२ पासून शर्यत होते आणि प्रत्येक जण पाठीवर साडेतीन किलोचं ओझं घेऊन जातो, त्या मुलाची आठवण म्हणून. इथली अमेरिकन बिर्केबाइनर, म्हणजेच बर्की, सुरू केली टोनी वाइज या हेवर्डच्या माणसाने, १९७३ मध्ये. केबलजवळ त्याचं टेलेमार्क नावाचं स्की केंद्र होतं. पहिल्या वर्षी शंभर जणही नव्हते. आज ही उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी क्रॉस-कंट्री शर्यत आहे. केबलहून निघून पन्नास-एक किलोमीटरवर हेवर्डच्या मुख्य रस्त्यावर संपते, आणि त्या दिवशी भर गावातल्या डांबरी रस्त्यावर बर्फ आणून पसरतात. दरवर्षी दोघे जण योद्ध्यांच्या आणि एक बाई हाकोनच्या आईच्या, इंगाच्या, वेशात लाकडी स्कीवरून पूर्ण अंतर जातात.

मी कोल्हापूरची. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर पन्हाळा उभा राहिला नसता तरच नवल. जुलै १६६०, पावसाळी रात्र, सिद्दी जौहरचा वेढा, पालखी आणि पावनखिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू. आजही दर पावसाळ्यात पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत हजारो लोक चिखलातून, जळवांतून, भाताच्या खाचरांतून चालत जातात. कॉलेजात असताना मीही गेले होते. राजाला वाचवण्यासाठी कुणीतरी एका रात्री तुडवलेली वाट लोक शेकडो वर्षांनी स्वतःच्या पायांनी पुन्हा चालतात. नॉर्वेजियन माणसं ती आठवण समुद्रापार घेऊन आली आणि विस्कॉन्सिनच्या जंगलात तिच्यासाठी नवी वाट काढली. आपण गणपती आणले, ढोलताशा आणला, दिवाळी अंक आणले. पन्हाळ्याची चाल मात्र आणली नाही, आणि ती कुणी आणावी असं मला त्या सकाळी फार वाटलं. इथे डोंगर नाहीत, पण जून-जुलैत रात्रभर चालायला जंगलातल्या वाटा कितीतरी आहेत.

इथली जमीन सपाट असेल असं मला वाटायचं. पण हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी जाताना इथे मातीचे ढिगारे आणि खड्डे मागे ठेवले, त्यामुळे बर्कीची वाट सतत वर-खाली होत राहते. चढावर स्कीची टोकं बाहेर फाकवून, आतल्या कडा बर्फात रोवत पावलं टाकायची. मागे राहणाऱ्या ठशांवरून याला हेरिंगबोन म्हणतात. दम लागतो, खूप लागतो, आणि उणे चौदात कपाळावरून घाम वाहतो. काकू चढावर जॅकेटची चेन उघडत, माथ्यावर पोचण्याआधी लावत. "उतारावर वारा लागायच्या आत बंद कर. थंडी चढावर लागत नाही, उतारावर लागते." हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की आता माझा हात आपोआप चेनकडे जातो.

उतार हे नवशिक्याचं खरं संकट. क्रॉस-कंट्रीच्या स्कीला लोखंडी कडा नसतात, टाच मोकळी असते, आणि खाचेत असताना ब्रेक लावता येत नाही. काकूंनी मला माथ्यावर खाचेतून बाहेर काढलं. टाचा बाहेर, टोकं आत, गुडघे वाकवून स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीचा पाचर. हात पुढे, जणू ट्रे धरलाय असे. पहिले दोन उतार ठीक गेले. तिसरा वळत होता आणि वळणावर बर्फ घासून कडक झालेला. मी बाजूला पडले, कुशीवर, काठ्या दूर ठेवून, जसं त्यांनी शिकवलं होतं तसं. उठायची पण पद्धत आहे. पाठीवर लोळायचं, दोन्ही स्की हवेत नेऊन सुट्या करायच्या, मग उतारावर आडव्या पाडायच्या, गुडघ्यांवर यायचं आणि काठ्यांच्या आधाराने उठायचं. उठल्यावर काकूंनी माझ्याआधी मागे बघितलं, कुणी येत नाही ना. मग स्कीच्या टोकाने माझ्या पडण्याने झालेला खड्डा बुजवला, वरून दाबला. "मागून येणारा वेगात असतो. त्याच्यासाठी वाट नीट करूनच पुढं जायचं." या वाटेची हीच रीत आहे, आणि ती सगळे पाळतात. खाचांत चालत कुणी येत नाही, कुत्रं आणत नाही, वरून येणाऱ्याला रस्ता देतात.

दुपारी एका चढाच्या खाली आम्ही दम खात उभ्या होतो. दोन्ही बाजूंना साखरी मेपल, बर्च आणि मधूनच लाल पाईन. चिकडी नावाचे छोटे, काळ्या टोपीचे पक्षी फांद्यांवर बडबडत होते. अचानक माझ्या डाव्या पायापासून हातभर अंतरावर बर्फ फुटला आणि तपकिरी काहीतरी भर्रकन वर गेलं. काळीज लक्कन हललं. काकूंनी माझा दंड धरला. रफ्ड ग्राऊस हा तित्तिरासारखा पक्षी, कडक थंडीत उडत येऊन मऊ बर्फात बुडी मारतो आणि आत भोक पाडून बसतो. वर उणे वीस-पंचवीस असलं तरी बर्फाखाली शून्याच्या आसपास राहतं, कारण मऊ बर्फात हवा अडकलेली असते आणि ती ऊब धरून ठेवते. काकूंनी काठीच्या टोकाने ते भोक दाखवलं. मुठीएवढं तोंड, आत निळसर बीळ, तळाशी त्याच्या अंगाच्या उबेने विरघळून पुन्हा गोठलेली गुळगुळीत काच आणि दोन बारीक पिसं. तीन फूट बर्फात हजारो जीव असे असतात, उंदीर, चिचुंद्र्या, त्यांच्या वाटा, त्यांचे दाणे. आपण वरून जातो तेव्हा कदाचित ऐकत असतील.

मग काकूंनी माझा चेहरा धरून उजेडाकडे वळवला. नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका आला होता, मला कळलंही नव्हतं. हातमोज्यातून हात काढून त्यांनी तळवा माझ्या नाकावर ठेवला आणि रंग परत येईपर्यंत तसाच धरला. "चोळायचं नाही," एवढंच म्हणाल्या. थंडीत एकटं जाऊ नये ते यासाठी. स्वतःचं नाक स्वतःला दिसत नाही.

डबल-ओच्या उबदार खोपटात परत आलो तेव्हा आत चांगली गर्दी होती. ओले मोजे, थर्मास, लाकडी बाक. पंच्याहत्तरीच्या पुढचे दोघे जण शेजारी सूप पीत होते. बर्कीत वीस किंवा त्याहून जास्त वेळा भाग घेतलेल्यांचा एक संघ आहे, बर्चलेगिंग्ज नावाचा, त्यातले ते. त्यांनी विचारलं, भारतात बर्फ असतो का? काकू खुलल्या. गुलमर्ग, औली, लष्कराची गुलमर्गमधली उंच पर्वतातली युद्धशाळा, आणि तिथून आलेले खेळाडू. २०१४ मध्ये सोचीला नदीम इक्बाल, २०१८ मध्ये प्याँगचांगला जगदीश सिंग. दोघांनीही ऑलिम्पिकमध्ये क्रॉस-कंट्रीत भारताचं प्रतिनिधित्व केलं. हे मला आधी माहीत नव्हतं. काकूंनी जॅकेटच्या आतल्या खिशातून, अंगाला लागून ठेवलेल्या, गुळपोळ्या काढल्या. बाहेरच्या बॅगेत ठेवल्या असत्या तर दगड झाल्या असत्या. तूप चोळलेली, मधोमध मऊ गूळ असलेली पोळी चौघांत वाटली. तिळाचा कूट आणि गूळ हे थंडीतलं अन्न आहे असं लहानपणापासून ऐकत आले, पण अंगाने ते तिथे पहिल्यांदा कळलं. पंधरा मिनिटांत बोटांची टोकं गरम झाली.

निघताना त्या दोघांपैकी एकांनी २०२४ ची गोष्ट काढली. त्या हिवाळ्यात इथे जवळजवळ बर्फच पडला नाही. केबल ते हेवर्ड ही वाट कोरडी राहिली आणि बर्की यंत्राने केलेल्या बर्फाच्या दहा किलोमीटरच्या वळशावर, फेऱ्या मारून, करावी लागली. मिनीॲपोलिसचा वर्ल्ड कपही यंत्राच्या बर्फावर उभा होता, आयोजकांनी तो अक्षरशः राखून ठेवला आणि ऐन वेळी थोडा खरा बर्फ पडला. एल्म क्रीकला, वर्थला संध्याकाळी दिव्यांखाली जी वाट मिळते ती बऱ्याचदा अशीच, पाईपमधून फवारलेली. हिवाळे आखडत चालले आहेत, आणि ज्या नातवंडांसाठी ही वाट राखायची त्यांना ती किती वर्षं मिळेल हे कुणी सांगू शकत नाही. कॉलेजात असताना पावसाळ्यात पन्हाळ्याला गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही; आपला पाऊसही आता वेळेवर येत नाही.

परतीच्या वाटेत स्पूनरच्या पुढे मला झोप लागली. गाडी काकूंनीच चालवली.

मिनेसोटात, विस्कॉन्सिनात, मिशिगनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना माझी कळकळीची विनंती आहे. या हिवाळ्यात बाहेर पडा. एल्म क्रीकला, मिनीॲपोलिसच्या वर्थ पार्कात, ब्लूमिंग्टनच्या हायलंडला स्की, बूट, काठ्या भाड्याने मिळतात. बूट पायाला नीट बसतात ना ते तिथेच चालून बघा. राज्याच्या ट्रेलवर सोळा वर्षं आणि त्यापुढच्यांना मिनेसोटाचा स्की पास लागतो, तो आधी काढून ठेवा. लोकरीचे कपडे घाला, सुती घालू नका, एकटे जाऊ नका आणि पहिल्या दिवशी काठ्या बाजूला ठेवून एका पायावर उभं राहायला शिका. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाची जागा ठरवणाऱ्यांनी एखाद्या वर्षी हॉलऐवजी ट्रेलहेडच्या खोलीचं बुकिंग करून बघावं. तिळगूळ काकू आणतील.